ल्युब्लियाना : मनोविश्लेषण, विचारप्रणाली आणि चित्रपट यांचा एक इतिहास

स्लोव्हेनियन तत्त्वज्ञ स्लावोय झिझेक यांची गाजलेली पुस्तके बहुतांशी लंडन आणि न्यूयॉर्क येथून इंग्रजीत निघाली, त्यांच्या विचाराचा पाया जाक लाकाँ या फ्रेंच मनोविश्लेषकाच्या शिकवणीत आहे, आणि त्यांची उदाहरणे मुख्यतः हॉलिवूडच्या चित्रपटांतून येतात; त्यामुळे हा विचार पॅरिसमध्ये जन्मला आणि इंग्रजी जगाने तो पसरवला, अशी समजूत सहज होते. ही समजूत अपुरी आहे. विचारप्रणाली, म्हणजे सत्तेला आधार देणाऱ्या कल्पना आणि आचार यांची समाजात मुरलेली जुळणी, ही लोकांच्या मनातील श्रद्धेपेक्षा त्यांच्या रोजच्या वागण्यात वसते, आणि श्रद्धा पार आटून गेली तरी ती बिनबोभाट चालू राहू शकते, हा झिझेक यांच्या लेखनाचा गाभा आहे. तो गाभा घडला युगोस्लाव्हियाच्या वायव्य टोकाला असलेल्या, तीन लाखांहून कमी वस्तीच्या ल्युब्लियाना शहरात, १९७० आणि १९८० च्या दशकांत, आणि एकट्या झिझेक यांच्या हातून नव्हे. त्या शहराचा आणि त्या काळाचा इतिहास बाजूला ठेवला तर या सिद्धांताचे शब्द हाती लागतात, पण तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभा राहिला हे कळत नाही.

मनोविश्लेषणाशी या भूमीचा संबंध फ्रॉइड यांच्याइतका जुना आहे. १९१८ पर्यंत स्लोव्हेनियाचा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, व्हिएन्नाहून निघून ल्युब्लियानामार्गे त्रिएस्त बंदराकडे जाणारा लोहमार्ग या प्रदेशाच्या मधून जात होता, आणि चुनखडीच्या डोंगरांतील येथील प्रचंड गुहा पाहायला व्हिएन्नाचे सुशिक्षित लोक येत असत. १८९८ च्या ईस्टरमध्ये फ्रॉइड आपल्या भावासह श्कोत्स्यानच्या गुहांत उतरले, तेव्हा त्या अंधारात त्यांना व्हिएन्नाचे यहुदीद्वेष्टे महापौर कार्ल ल्यूगर भेटले, असे त्यांनी आपल्या मित्राला पत्राने कळवले होते. स्वप्नांवरील त्यांचा ग्रंथ बाहेर पडायला तेव्हा दीड वर्ष उरले होते. जमिनीखालचा अंधार आणि त्यात दडलेला राजकीय द्वेष यांची ही गाठ झिझेक यांनी पुढे आपल्या लेखनात मुद्दाम नोंदवली आहे. तरीही उपचारपद्धती म्हणून मनोविश्लेषण या शहरात फारसे रुजले नाही, आणि हे वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. ल्युब्लियानात फ्रॉइड पुढे आले ते रुग्णाच्या कोचावरून नव्हे, तत्त्वज्ञानाच्या वर्गातून आणि मासिकांच्या पानांतून. म्हणूनच १९८० च्या दशकाच्या आरंभी झिझेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे स्थापन केलेल्या संस्थेच्या नावातच सैद्धांतिक मनोविश्लेषण असा स्पष्ट उल्लेख आहे.

भारतीय वाचकाला युगोस्लाव्हिया आठवतो तो अलिप्ततावादी चळवळीतील नेहरू, नासर आणि टिटो यांच्या मैत्रीमुळे. ती अलिप्तता आली होती १९४८ च्या फाटाफुटीतून. स्टालिनने त्या वर्षी टिटोंना साम्यवादी देशांच्या गटातून बाहेर काढले, आणि साम्यवादी असूनही सोव्हिएत नसलेल्या या राजवटीला आपले वेगळेपण सिद्ध करण्यासाठी नवे तत्त्व शोधावे लागले. १९५० च्या कायद्याने ते तत्त्व ठरले: कामगारांचे स्वयंव्यवस्थापन, म्हणजे कारखाना सरकारच्या किंवा मालकाच्या हाती न राहता त्यात काम करणाऱ्यांच्या निवडलेल्या मंडळांनी चालवावा अशी व्यवस्था. तिचे मुख्य शिल्पकार एद्वार्द कार्देल्य हे स्लोव्हेनियन होते, मूळचे शिक्षक, आणि त्यांच्या लेखणीतून उतरलेली भाषा वर्षागणिक अधिकाधिक गुंतागुंतीची होत गेली. १९७४ ची राज्यघटना जगातील सर्वांत लांब राज्यघटनांपैकी एक होती. १९७६ च्या संघटित श्रमविषयक कायद्याने प्रत्येक उद्योगाचे मूलभूत घटक पाडले, ज्यांचे आद्याक्षरी नाव स्लोव्हेनियनमध्ये 'तोझ्द' असे होते, आणि हे घटक आपसांत करारनामे करून अर्थव्यवस्था चालवतील अशी कल्पना होती. तोझ्दच्या सभा भरत, ठराव वाचले जात, हात वर होत आणि इतिवृत्ते लिहिली जात. निर्णय बहुधा अगोदरच दुसरीकडे झालेला असे, आणि सभेतल्या प्रत्येकाला ते ठाऊक असे.

या व्यवस्थेची एक खोड पोलंड किंवा चेकोस्लोव्हाकियात नव्हती. तेथील सत्ता आपण कामगारांचे राज्य आणले आहे असा दावा करत असे, आणि तो दावा खोटा ठरवणे हे विरोधकाचे काम असे. युगोस्लाव्हियाची सत्ता स्वतःच म्हणत असे की समाजवाद अजून अपुरा आहे, नोकरशाही अजून माजलेली आहे, कामगारांच्या हाती खरी सत्ता अजून यायची आहे, आणि या दोषांविरुद्ध सर्वांनी लढले पाहिजे. टीका अगोदरच सरकारी भाषेत समाविष्ट होती. त्यामुळे सरकारला धोका वाटे तो या शब्दांवर खरोखर विश्वास ठेवणाऱ्यांचा. १९६४ पासून झाग्रेबहून निघणाऱ्या 'प्राक्सिस' मासिकाचे लेखक मार्क्सच्या मानवतावादाला प्रामाणिकपणे चिकटून होते, आणि अडचण झाली ती त्यांची: १९७४ मध्ये मासिक बंद पडले आणि पुढच्या वर्षी बेलग्रेड विद्यापीठातील आठ प्राध्यापकांना अध्यापनातून दूर करण्यात आले. नियम पाळणाऱ्या पण मनातून निर्विकार असलेल्या नागरिकाला मात्र काहीही त्रास होत नसे. आपल्या घोषणांकडे लोकांनी अंतर ठेवूनच पाहावे, अशीच या राजवटीची अलिखित अपेक्षा होती, हे निरीक्षण झिझेक यांनी पुढे वारंवार मांडले, आणि त्यांच्या सिद्धांताचे बीज याच निरीक्षणात आहे.

ल्युब्लियाना विद्यापीठाची स्थापना १९१९ ची. त्याच्या तत्त्वज्ञान विभागाची परंपरा आरंभी ऑस्ट्रियन होती. ग्राझच्या अलेक्सियस माइनोंग यांचे शिष्य फ्रान्से वेबर तेथे शिकवत. दुसऱ्या महायुद्धानंतर मार्क्सवाद आला आणि त्याच्या सावलीत दोन परंपरा उभ्या राहिल्या. फ्रँकफर्ट परंपरेचा, म्हणजे अडोर्नो आणि हॉर्कहायमर यांच्या समाजचिकित्सेचा, मार्क्सवाद बोझिदार देबेन्याक यांनी शिकवला, आणि जर्मन तत्त्वज्ञानाचे कसून वाचन करण्याची शिस्त एका अख्ख्या पिढीला त्यांच्यामुळे लागली. दुसरीकडे दुशान पिर्येवेत्स आणि तिने ह्रिबार यांच्यासारखे, जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर यांना मानणारे हायडेगरवादी होते, ज्यांच्याभोवती राष्ट्रीय वृत्तीचे विरोधक जमत. मासिकांचे भाग्य डळमळीत होते: 'पर्स्पेक्टिवे' हे नियतकालिक १९६४ मध्ये बंद करण्यात आले आणि त्यातील लेखक योझे पुच्निक यांना तुरुंगवास भोगावा लागला. १९६२ मध्ये सुरू झालेले 'प्रॉब्लेमी' टिकले, आणि याच मासिकाच्या पानांवर १९७० च्या दशकात तिसरी परंपरा जन्मली.

ही तिसरी परंपरा फ्रेंच होती. संरचनावाद, म्हणजे भाषा आणि समाज यांतील अर्थ वेगवेगळ्या वस्तूंत नसून त्यांच्यातील भेदांच्या जाळ्यात असतो असे मानणारी विचारसरणी, आणि तिच्या पुढे गेलेले लाकाँ, अल्थ्युसर, देरिदा आणि फुको यांचे लेखन ल्युब्लियानाच्या काही तरुणांनी जवळजवळ ताजे असतानाच वाचले. सरकारी मार्क्सवादी आणि हायडेगरवादी विरोधक हे एरवी एकमेकांचे वैरी होते. या नव्या फ्रेंच विचाराच्या विरोधात मात्र दोघांचे एकमत झाले. १९४९ मध्ये ल्युब्लियानातच जन्मलेल्या झिझेक यांचे पहिले पुस्तक १९७२ मध्ये निघाले, पण त्यांचा संरचनावादावरील पदव्युत्तर प्रबंध पुरेसा मार्क्सवादी नाही म्हणून संशयास्पद ठरला, त्याला खुलाशाची पुरवणी जोडावी लागली, आणि अध्यापकाची जागा त्यांना मिळाली नाही. काही वर्षे त्यांनी जर्मन तत्त्वज्ञानाच्या भाषांतरांवर गुजराण केली. नंतर, १९७७ मध्ये, त्यांना नोकरी मिळाली ती साक्षात स्लोव्हेनियन कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या कार्यालयात, इतिवृत्ते आणि भाषणे लिहिण्याची. विद्यापीठात शिकवण्यास जो मनुष्य वैचारिकदृष्ट्या अयोग्य ठरतो, त्याला पक्षाची भाषणे लिहायला लावणे या राजवटीला विसंगत वाटले नाही, आणि याहून बोलका पुरावा त्या काळाविषयी शोधावा लागत नाही. १९७९ मध्ये त्यांना विद्यापीठाच्या समाजशास्त्र संस्थेत संशोधकाचे काम मिळाले. विद्यार्थ्यांपासून त्यांना दूर ठेवण्यासाठी दिलेल्या या जागेने त्यांना लिहिण्यासाठी मोकळा वेळ दिला.

त्यांच्याबरोबर म्लादेन दोलार आणि रास्त्को मोच्निक होते. पुढे मीरान बोझोविच, रेनाता सालेत्सल आणि आलेंका झुपांचिच आले. लाकाँ यांनी १९६४ मध्ये दिलेल्या व्याख्यानमालेचे स्लोव्हेनियन भाषांतर १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दोन दशलक्ष लोकांच्या भाषेसाठी ही मोठी गोष्ट होती. १९८० च्या दशकात झिझेक आणि दोलार पॅरिसला गेले, लाकाँ यांचे जावई जाक-आलँ मिलेर यांच्या वर्गात बसले, आणि १९८५ मध्ये झिझेक यांनी पॅरिसच्या आठव्या विद्यापीठातून आपली दुसरी डॉक्टरेट मिळवली. लाकाँ यांच्यासाठी नेणीव, म्हणजे मनुष्याला स्वतःला ठाऊक नसलेले त्याच्याच मनाचे व्यवहार, ही खोल आत गाडलेली कोठडी नाही. ती बाहेर, भाषेत आणि इतरांशी असलेल्या व्यवहारात पसरलेली आहे. मनुष्य ज्या नियमांच्या, नावांच्या आणि रीतींच्या जाळ्यात जन्मतो त्याला त्यांनी 'महा-इतर' म्हटले: प्रत्यक्ष कोणी व्यक्ती नसलेला, पण सगळे काही पाहतो आणि नोंदवतो असे गृहीत धरून सर्व जण वागतात असा एक साक्षी. तोझ्दच्या सभेत हात वर करणाऱ्या कामगाराला ही कल्पना समजावून सांगावी लागली नसती. ठरावावर त्याचा विश्वास नव्हता, अध्यक्षाचाही नव्हता, वरच्या सचिवाचाही नव्हता, तरीही कुणीतरी तो मानतो असे धरून सगळे चालत होते, आणि त्या 'कुणीतरी'पुढे खरे बोलणे कोणालाच परवडणारे नव्हते.

१९८९ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या 'द सब्लाइम ऑब्जेक्ट ऑफ आयडिऑलॉजी' या ग्रंथात हा अनुभव सिद्धांताच्या रूपाला आला. अर्नेस्तो लाक्लाऊ यांची प्रस्तावना लाभलेल्या या ग्रंथात झिझेक यांनी मार्क्सच्या एका जुन्या सूत्रापासून आरंभ केला आहे. विचारप्रणाली म्हणजे खोटी जाणीव. लोकांना आपण काय करतो हे कळत नाही, म्हणून ते करतात, अशी ती परंपरागत समज होती, आणि तिच्यानुसार समीक्षकाचे काम पडदा दूर करणे एवढेच उरते. परंतु ज्या समाजात पडद्यामागचे सर्वांना माहीत आहे तेथे पडदा दूर करून काय साधणार? जर्मन लेखक पेटर स्लोटरडाइक यांनी १९८३ मध्ये या अवस्थेला नव्या निंदकवृत्तीचे नाव दिले होते: लोकांना आपण काय करत आहोत हे पूर्ण कळते, आणि तरीही ते तेच करत राहतात. झिझेक यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या मते भ्रम ज्ञानाच्या बाजूला नाही, कृतीच्या बाजूला आहे. नोट हा कागदच आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते, मात्र व्यवहार करताना प्रत्येक जण जणू तिच्यात स्वयंभू मूल्य आहे अशा रीतीने वागतो, आणि भ्रम असतो तो त्या 'जणू'मध्ये. मार्क्सने क्रयवस्तूंच्या अंधपूजेविषयी, म्हणजे माणसांमधील संबंध वस्तूंमधील संबंध म्हणून भासण्याविषयी, जे म्हटले होते त्याचे हे मनोविश्लेषणाच्या अंगाने केलेले वाचन आहे. या मांडणीचा एक परिणाम सुखकर नाही: मनातल्या मनात हसणारा, स्वतःला शहाणा समजणारा नागरिक हाच व्यवस्थेचा खरा आधारस्तंभ ठरतो, कारण त्याचे अंतर त्याला आज्ञापालनाची सवलत देते.

लाकाँच्या परिभाषेतील आणखी एक कल्पना येथे आवश्यक आहे. उपभोगातील जे सुख नेहमीच्या आनंदाच्या मर्यादा ओलांडून दुःखाशी मिसळते, आणि ज्याला मनुष्य त्रास होत असूनही चिकटून राहतो, त्याला 'अतिसुख' म्हणता येईल. झिझेक यांच्या मते सत्ता लोकांना केवळ कल्पनांनी बांधत नाही. ती या अतिसुखाचे वाटप करते, मग ते गुपचूप नियम मोडण्यातले असो, परक्याचा द्वेष करण्यातले असो किंवा आज्ञा पाळण्यातलेच असो. जाहीर कायद्याच्या खाली एक अलिखित, ओंगळ कायदा असतो, जो जाहीरपणे नाकारला जातो आणि खाजगीत काटेकोरपणे पाळला जातो, आणि जाहीर कायदा उभा राहतो तो त्याच्याच जोरावर. हे केवळ पुस्तकी प्रमेय नव्हते, कारण त्याच वर्षांत ल्युब्लियानाच्या रंगमंचावर आणि भिंतींवर त्याचे दुसरे रूप चालू होते.

१९६९ पासून रेडिओ श्टुदेंट हे विद्यार्थ्यांचे आकाशवाणी केंद्र येथे चालत होते आणि १९७७ मध्ये 'पांकर्ती' या बँडने पंक संगीत आणले. १९८० मध्ये तर्बोव्ल्ये या कोळशाच्या खाणींच्या गावी 'लायबाख' नावाचा संगीतसमूह निर्माण झाला. लायबाख हे ल्युब्लियानाचे जुने जर्मन नाव. १८२१ मध्ये ऑस्ट्रियाचे मेटर्निख आणि रशियाचा झार यांची परिषद याच नावाच्या शहरात भरली होती, पण जिवंत माणसांच्या आठवणीत ते नाव १९४३ नंतरच्या जर्मन ताब्याशी जोडलेले होते. लष्करी गणवेश, एकाधिकारशाहीच्या घोषणा, पक्षाची भाषा आणि नाझी सौंदर्यदृष्टी यांचे मिश्रण हा समूह किंचितही स्मित न करता सादर करत असे. १९८३ मधील एका दूरचित्रवाणी मुलाखतीनंतर हे नाव शहरात वापरण्यावर बंदी आली, जी १९८७ पर्यंत टिकली. १९८४ मध्ये हा समूह, 'इर्विन' हा चित्रकारांचा गट आणि एक नाट्यमंडळी यांनी मिळून 'नवी स्लोव्हेनियन कला' या जर्मन नावाच्या संघटनेची स्थापना केली. १९८७ मध्ये तिच्यातील आरेखन गटाने टिटोंच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या युवक दिनासाठी भित्तिचित्र पाठवले, परीक्षकांनी ते पसंत केले, आणि मग उघड झाले की ते रिखार्ड क्लाइन या नाझी चित्रकाराच्या १९३६ मधील चित्रावर बेतलेले आहे. केवळ ध्वज आणि चिन्हे बदलली होती. एका समाजवादी मंडळाला नाझी प्रतिमेत आपला आदर्श दिसला होता.

लायबाख फॅसिस्ट आहेत की फॅसिझमची चेष्टा करतात, हा वाद बराच काळ चालला. झिझेक यांनी या वादाचा पायाच नाकारला. राजवट स्वतःच अंतर आणि थट्टा यांवर चालत असेल तर चेष्टा तिला पोषकच ठरते. उलट तिच्या दडलेल्या रूपाशी कोणी संपूर्ण, निर्विकारपणे एकरूप झाला तर ती उघडी पडते आणि तिचे काम बिघडते. या युक्तीला त्यांनी अतिएकरूपता म्हटले. ही मांडणी त्या कलाकारांच्या कृतीनंतरची आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. सिद्धांताने कलेला वाट दाखवली असे झाले नाही. तर्बोव्ल्येच्या तरुणांनी रंगमंचावर जे केले त्याला ल्युब्लियानाच्या तत्त्वज्ञांनी नंतर शब्द दिले, आणि या ऋणाची दखल परदेशी वाचकांनी फार कमी घेतली आहे.

चित्रपटांचा प्रश्नही त्या देशाच्या इतिहासाशी निगडित आहे. स्टालिनशी फारकत झाल्यानंतर सोव्हिएत चित्रपट मागे पडले आणि १९५० च्या दशकात हॉलिवूडचे चित्रपट युगोस्लाव्हियाच्या पडद्यांवर मोठ्या संख्येने आले; एस्थर विल्यम्सच्या जलनृत्यांच्या 'बेदिंग ब्यूटी' या चित्रपटाची तेथे इतकी आवड होती की १९८० च्या दशकात त्या पिढीच्या तारुण्यावर बेतलेल्या चित्रपटाला त्याच्याच स्थानिक नावाने ओळखले गेले. ल्युब्लियानात चित्रपटगृहे होती, चित्रपट-संग्रहालय होते, आणि १९६२ पासून 'एक्रान' हे चित्रपटविषयक नियतकालिक निघत होते. समाजवादी देशात वाढलेल्या या तत्त्वज्ञांना हिचकॉक यांचे चित्रपट परके नव्हते. ते त्यांच्या बालपणाचेच चित्रपट होते. १९८८ मध्ये झिझेक यांनी संपादित केलेला लाकाँ आणि हिचकॉक यांच्यावरील संग्रह पॅरिसला फ्रेंचमध्ये निघाला, १९९२ मध्ये विस्तारित इंग्रजी आवृत्ती लंडनहून आली, आणि तीत दोलार, बोझोविच, सालेत्सल, झुपांचिच यांच्यासोबत स्तोयान पेल्को यांचेही लेख होते. एका व्यक्तीची हौस म्हणून नव्हे, एका मंडळाचे सामूहिक काम म्हणून ते पाहावे लागते.

या कामाचे नावीन्य समजण्यासाठी त्याआधीच्या चित्रपट-सिद्धांताकडे वळावे लागते. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये लॉरा मल्व्ही यांनी लाकाँ यांच्या आधारे असा प्रभावी युक्तिवाद केला की चित्रपटातील दृष्टी पुरुषाची आहे. कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक एकत्र होऊन स्त्रीला पाहण्याची वस्तू करतात. ल्युब्लियानाच्या मंडळाने आणि अमेरिकेत जोन कॉप्जेक यांनी लाकाँ यांचे वेगळे वाचन मांडले: दृष्टी पाहणाऱ्याची नसते, ती पाहिल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाजूला असते, चित्रात असा एक डाग असतो जेथून प्रेक्षकालाच कोणीतरी पाहत आहे असे वाटते, आणि त्यामुळे सत्तेची पकड सुटते. हिचकॉक यांच्या 'सायको' मधील घराचे तीन मजले झिझेक यांनी फ्रॉइडच्या मनाच्या रचनेवर बसवले: वरच्या मजल्यावर आईच्या रूपातील पराहं, म्हणजे आतून हुकूम देणारी मनाची सत्ता, तळमजल्यावर सामान्य वागणुकीचा अहं, आणि तळघरात आदिम वासना. मुलगा आईचे शव वरून खाली तळघरात नेतो तेव्हा पराहं आणि वासना यांच्यातील गुप्त नाते उघड होते, असा त्यांचा निष्कर्ष. हे वाचन २००६ मध्ये सोफी फाइन्स यांनी दिग्दर्शित केलेल्या 'द पर्व्हर्ट्स गाइड टू सिनेमा' या माहितीपटातून मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचले. वस्तुतः सर्वांत भक्कम वाचन ते नाही. २०१२ च्या दुसऱ्या माहितीपटात त्यांनी जॉन कार्पेंटर यांच्या १९८८ च्या 'दे लिव्ह' वर केलेले विवेचन अधिक खोल आहे: चष्मा घालताच जाहिरातींमागचे हुकूम दिसू लागतात, म्हणजे विचारप्रणाली हा डोळ्यांवर चढवलेला चष्मा नाही, उघड्या डोळ्यांनी दिसणारे जगच ती आहे; आणि नायक मित्राला तो चष्मा घालायला लावताना जी दीर्घ मारामारी होते, ती मुक्ती दुखते आणि म्हणून नकोशी वाटते हे दाखवते. ल्युब्लियानात वाढलेल्या विचारवंताच्या हाती हा चित्रपट पडावा, हे नवल नाही.

२००१ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केलेल्या, क्रिस्तोफ किएश्लोव्स्की यांच्यावरील झिझेक यांच्या ग्रंथाची पार्श्वभूमी वेगळी आहे. डेव्हिड बॉर्डवेल आणि नोएल कॅरल यांनी १९९६ मध्ये मनोविश्लेषणावर आधारलेल्या सर्वव्यापी सिद्धांतांना विरोध केला होता: चित्रपटांचा अभ्यास पुराव्याने, मर्यादित प्रश्न घेऊन व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. झिझेक यांनी उत्तर दिले ते किएश्लोव्स्की या पोलिश दिग्दर्शकाच्या माध्यमातून, ज्याने खऱ्या माणसांचे खरे अश्रू चित्रित करण्याची भीती वाटून माहितीपट सोडला आणि कल्पित कथा निवडली. झिझेक यांच्या मते वास्तवाचा खरा गाभा कल्पिताच्याच रूपाने सहन होतो, हे त्यातून सिद्ध होते. बॉर्डवेल यांनी २००५ मध्ये पुन्हा टीका केली, आणि तिच्यातील एक भाग न्याय्य आहे: झिझेक हवे ते तपशील निवडतात आणि कधी कधी चित्रपट चुकीचे आठवतात. परंतु चित्रपट हा ज्यांच्यासाठी अभ्यासाचा विषय आहे आणि ज्यांच्यासाठी तो समाजाच्या इच्छेचे दर्शन घडवणारा पुरावा आहे, अशा दोघांचे निकष एकच असू शकत नाहीत, आणि ती मर्यादा बॉर्डवेल यांनी मान्य केली नाही.

इतिहासाने दरम्यान ल्युब्लियानाला सिद्धांताच्या परीक्षेस बसवले होते. १९८८ मध्ये 'म्लादिना' साप्ताहिकाशी संबंधित तिघांना आणि लष्करातील एका कनिष्ठ कर्मचाऱ्याला लष्करी न्यायालयाने शिक्षा केली, खटला सर्बो-क्रोएशियन भाषेत चालवण्यात आला, आणि शहर पेटून उठले. मानवाधिकार संरक्षण समितीत झिझेक होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आणि इतर ३२ बुद्धिवंतांनी पक्ष सोडला. १९९० च्या पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत ते सामूहिक अध्यक्षपदाच्या चार जागांसाठी उदारमतवादी उमेदवार होते आणि पाचवे आले. त्याच वर्षी त्यांनी एक इशारा दिला: युगोस्लाव्हियातील राष्ट्रवाद म्हणजे अतिसुखाच्या चोरीचा आरोप आहे, प्रत्येक राष्ट्राला वाटते की शेजारी आपल्या सुखावर डल्ला मारतो. २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. दहा दिवसांत तेथील युद्ध संपले, पुढे क्रोएशिया आणि बोस्नियात मात्र ते इतक्या लवकर संपले नाही. १९९५ मध्ये एमिर कुस्तुरित्सा यांच्या 'अंडरग्राउंड'ला कान येथे सर्वोच्च सन्मान मिळाला, तेव्हा झिझेक यांनी त्या चित्रपटातील बेभान नाच, मद्य आणि वासना यांत बाल्कनविषयीची पश्चिमेची आवडती कल्पना आणि वंशसंहाराची काव्यमय पूर्वतयारी पाहिली. बोस्नियन सर्बांचा नेता रादोवान कराजिच हा कवी होता आणि शिक्षणाने मानसोपचारतज्ज्ञ, हे येथे विसरता येत नाही. चित्रपटसमीक्षेने राजकारण केले असे फारसे घडत नाही. झिझेक यांच्या सगळ्या चित्रपटविषयक लेखनात हे पान सर्वांत निकडीचे आहे.

परंतु अलिखित कायद्याविषयीचा सिद्धांत ज्या शहरात घडला, त्याच शहरात २६ फेब्रुवारी १९९२ रोजी एक अलिखित कायदा अमलात आला. इतर प्रजासत्ताकांतून आलेल्या आणि नागरिकत्वासाठी मुदतीत अर्ज न केलेल्या २५,६७१ लोकांची नावे कायमस्वरूपी रहिवाशांच्या नोंदीतून काढून टाकण्यात आली. जाहीर सूचना नव्हती. गृहखात्याच्या अंतर्गत सूचनांनी काम झाले, कार्यालयात कागद नूतनीकरणासाठी गेलेल्यांचे दाखले तेथेच रद्द केले गेले, आणि काहींची रवानगी सीमेपलीकडे झाली. झिझेक ज्या उदारमतवादी पक्षाकडून उभे राहिले होते, तो त्यानंतर २००४ पर्यंत जवळजवळ सलग सत्तेत होता, घटना न्यायालयाने १९९९ आणि २००३ मध्ये ही कृती बेकायदा ठरवली, आणि तरीही त्या पक्षाच्या सरकारांनी हा अन्याय निस्तरला नाही. मोच्निक यांनी १९९५ मध्येच नव्या देशात किती फॅसिझम आहे हा प्रश्न पुस्तकाच्या नावातच विचारला होता, आणि नोंदीतून काढलेल्या या 'पुसलेल्या' लोकांच्या बाजूने काम केले ते शांतता संस्थेच्या संशोधकांनी, तसेच १९९३ मध्ये ताब्यात घेतलेल्या मेतेल्कोवाच्या लष्करी बराकींतील कार्यकर्त्यांनी. जगभर चित्रपटांत दडलेले हुकूम वाचून दाखवणाऱ्या मंडळाने आपल्या घराजवळच्या कार्यालयातला हा हुकूम पुरेशा मोठ्या आवाजात वाचून दाखवला नाही, हा दोष त्यांच्या सिद्धांताच्या खरेपणाला बाधा आणत नाही. उलट त्या सिद्धांतानुसार जाणकाराचे जाणणे पुरेसे नसतेच. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या महापीठाने जून २०१२ मध्ये पुसलेल्यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा त्यांतील कित्येक जण वृद्ध झाले होते, आणि भरपाईचा कायदा करण्याचे काम स्लोव्हेनियाच्या संसदेकडे आले.